न गळणारा वाफा

"फटी? माझ्या घरात तू फटी ठेवणार?" कोरडेकाकांनी विचारलं आणि सुताराच्या हातातला कागद काढून घेतला.

सुतार गोंधळला. त्याला काकूंनी बोलावलं होतं. मागच्या अंगणात कमरेइतका उंच, फळ्यांचा वाफा करून द्यायचा, म्हणजे काकूंना दुखरे गुडघे न वाकवता उभ्याउभ्या बागकाम करता येईल, एवढंच काम होतं.

"काका, तळाच्या फळ्यांत बोटबोट जागा सोडावी लागते. पाणी…"

"पाणी काय?"

"पाणी बाहेर पडतं त्यातनं."

हे वाक्य त्या सुताराने जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. पण कोरडेकाकांनी बत्तीस वर्षं गळती बंद करण्याचा धंदा केला होता. गच्च्या, टाक्या, न्हाणीघरं, तळघरं, जिथे म्हणून पाणी जाऊ नये तिथे जात होतं, तिथे काका गेले आणि पाण्याला वाट बदलायला लावून परत आले. 'कोरडेकाका' हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलेलं. खरं आडनाव आता फक्त बँकेच्या पासबुकात उरलं होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी केलेलं एकही काम गळलं नव्हतं, आणि हे ते ओळख झाल्यापासून तिसऱ्या मिनिटाला सांगत. लग्न लावायला आलेल्या भटजींनासुद्धा त्यांनी आधी हेच सांगितलं असेल, असं काकूंचे माहेरचे लोक म्हणत.

"तू घरी जा," काका सुताराला म्हणाले. "वाफा मी बांधतो. टिकाऊ म्हणजे काय असतं ते लोक बघायला येतील."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंना हे लक्षण तेव्हाच ठीक दिसलं नव्हतं. पण त्यांनी सुताराला जाऊ दिलं, कारण नवरा आपल्यासाठी काहीतरी करतोय हे बऱ्याच दिवसांनी घडत होतं.

काकूंचं दुःख काय होतं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची बाजू घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. गळतीवाल्याशी संसार केल्यामुळे या बाईच्या नशिबी बत्तीस वर्षांत एक कुंडी आली नव्हती. "कुंडी म्हणजे स्लॅबचा क्षयरोग," असं काका म्हणत. एकदा काकूंनी हौसेने गुलाब आणला, तर काकांनी कुंडी उचलून खालचा ओला गोल डाग त्यांना अशा चेहऱ्याने दाखवला की बिचाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी गुलाब जावेला देऊन टाकला. आता काका निवृत्त झाले होते, घर तळमजल्यावरचं होतं, मागे मातीचं अंगण होतं. खाली गळायला कुणाचं घरच नव्हतं! काकूंनी त्याच आठवड्यात टोमॅटोचं बी आणलं. बेचाळीस रोपं उगवली. घरातले सगळे कप, वाट्या, दह्याची भांडी, साखरेचा डबा, सगळ्यांत रोपं. खिडकीत रोपं, फ्रिजवर रोपं, धुण्याच्या मशीनवर रोपं. काका चहा मापाच्या मगातून पीत होते. काकू सकाळी उठून आधी रोपांची विचारपूस करत आणि मग नवऱ्याची.

"आठ दिवसांत वाफ्यात लावा हं," रोपवाटिकेतल्या बाईने बजावलं होतं. "मुळांना जागा पुरली नाही तर सगळं मुसळ केरात."

आठ दिवस काकांच्या मते भरपूर होते. चौथ्या दिवशी विटांचा वाफा उभा राहिला. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, तळाला लोखंडी सळयांचं काँक्रीट, चारी कोपऱ्यांना आतून गोलाई, त्यावर काकांच्या खास मिश्रणाचे दोन हात. हत्ती आंघोळ करून गेला असता तरी चरा पडला नसता.

"छान झालाय हो," काकू म्हणाल्या. खरंच छान झाला होता. "आता माती आणू या?"

"माती?" काका हसले. "आधी चाचणी."

चाचणी म्हणजे वाफा काठाखाली चार बोटांपर्यंत पाण्याने भरायचा, पाण्याच्या पातळीवर आतल्या बाजूने मेणाच्या खडूची रेघ मारायची, उन्हाने पाणी उडू नये म्हणून वर प्लास्टिक घालायचं आणि बहात्तर तास थांबायचं. रेघ हलली नाही तर काम पास. ही चाचणी काकांनी गावभरच्या गच्च्यांवर केली होती, आणि आपल्या घरच्या कामाला सूट देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"अहो, तो वाफा आहे."

"म्हणून काय झालं? त्याला काय कमीपणा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जेवून आडवे झाले. काकू रोपांना पाणी घालायला निघाल्या. नळापर्यंत वाका, बादली उचला, परत या, या सगळ्याला गुडघे नाही म्हणत होते. आणि समोर कमरेच्या उंचीवर स्वच्छ, गार पाणी तयार! एवढी सोय आयुष्यात पहिल्यांदाच झाली होती. काकूंनी प्लास्टिकचं टोक उचललं, मग बुडवला आणि बेचाळीस रोपांना मनसोक्त पाजलं. वर आणखी दोन बादल्या काढून पायपुसणी पण धुऊन टाकली.

चार वाजता अंगणातून जो आवाज आला, तो ऐकून काकूंना वाटलं साप निघाला.

"गळलं!" काका वाफ्यावर दोन्ही हात टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक. "दोन बोटं खाली गेलंय. गळलं गं!"

"अहो, ते ना मी…" काकूंनी तोंड उघडलं.

"बोलू नकोस काही. मला समजावू नकोस. बत्तीस वर्षं… बत्तीस वर्षं एक थेंब नाही, आणि म्हातारपणी स्वतःच्या अंगणात!" ते जवळजवळ रडायला आले होते. खरं सांगितलं तर हा माणूस पंधरा दिवस बोलणार नाही, आणि नाही सांगितलं तर एखादा हात जास्त मारून मोकळा होईल, असा हिशेब काकूंनी केला. हिशेब साफ चुकला.

पाणी काढलं. वाफा दोन दिवस वाळवला. तिसरा हात, चौथा हात. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ, पुन्हा बहात्तर तास. तिकडे रोपांनी कपांतून मान वर काढली आणि ती एकमेकांच्या अंगावर रेलायला लागली. काकूंनी त्यांना चमच्यांचे आधार दिले. मग काट्यांचे. शेवटी काका आमटी हाताने ओरपायला लागले, पण त्यांना शुद्ध नव्हती.

या खेपेला काकूंनी वाफ्याकडे बोटसुद्धा नेलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी सकाळी, काका पेपर वाचत असताना, न राहवून प्लास्टिक उचलून डोकावल्या. चष्मा होता आत. बिनचष्म्याच्या डोळ्यांना पाणी रेघेच्या किंचित खाली दिसलं. झालं! आता हा माणूस परत पहिल्यापासून सुरू करणार. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच एक मग पाणी ओतलं. मनाची खात्री होईना म्हणून आणखी एक ओतला. मग 'कमी पडायला नको' म्हणून अर्धी बादली.

दहा वाजता काका अंगणात गेले. या वेळी आवाज आला नाही. काका स्वतःच आत आले आणि खुर्चीत बसले.

"पाणी वाढलंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रेघेच्या वर गेलंय. म्हणजे बाहेरून आत येतंय." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "जमिनीतून. पाणी खालून चढून, भिंतीतून आत घुसतंय. असली गळती मी फक्त ऐकून होतो. बघितली नव्हती."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांना वाटलं, बायको हादरली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "घाबरू नकोस. मी आहे."

मग बाहेरून चार हात झाले. पायाभोवती चर खणून त्यात काळं डांबर ओतलं. आठ दिवसांचे एकोणीस झाले. तिसऱ्या चाचणीच्या वेळी काकू तीन दिवस मागच्या अंगणाकडे फिरकल्याच नाहीत, न जाणो हात शिवशिवला तर! आणि अखेर एका शुक्रवारी सकाळी काकांनी प्लास्टिक काढलं, वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली.

"रेघेवर! केसाचाही फरक नाही. आण तुझी माती!"

त्या दिवशी त्या घरात जो आनंद झाला तो काय सांगावा. पाणी उपसलं, मातीच्या शंभर पाट्या पडल्या, शेणखत पडलं, वाळका पाला पडला. काकू ताठ उभ्या राहून, एकदाही न वाकता, बेचाळीस रोपं लावत होत्या आणि एकेकीशी बोलत होत्या. "ये गं बाई, किती दिवस दाटीत राहिलीस." शेवटचं रोप लागलं तेव्हा त्यांनी मातीचे हात तसेच काकांच्या गालांना लावले. लग्नानंतर असं उघड्यावर पहिल्यांदाच घडलं असावं, कारण काका दिवसभर गाल न धुता हिंडले.

पाच दिवसांनी पानं पिवळी पडली. सातव्या दिवशी माना पडल्या. काकूंनी काळजीने आणखी पाणी घातलं, तर मातीवर तळं साचलं आणि त्यात एक पान तरंगायला लागलं.

रोपवाटिकेतली बाई बोलावल्याबरोबर आली. तिने मातीत बोट खुपसलं, ते पचकन आत गेलं. तिने वास घेतला. मग वाफ्याला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"काका, पाणी जायला भोकं कुठे ठेवलीत?"

"ठेवलीच नाहीत," काका अभिमानाने म्हणाले. "शोधा, सापडणार नाही."

"अहो, हा वाफा आहे की हौद? रोपं बुडतायत तुमची! मुळं कुजायला लागलीत. दोन दिवसांत तळाशी दोन-तीन भोकं पाडा. नाहीतर फेकून द्या सगळं."

ती गेली.

"अहो," काकू म्हणाल्या.

"नाही."

"मी अजून काही म्हटलं नाही."

"तू म्हणणार ते मला माहितीये. दोनदा गळला होता हा वाफा. दोनदा! किती कष्टाने आवरलाय मी त्याला. आणि आता मीच माझ्या हाताने त्याला भोक पाडू? मग मी बत्तीस वर्षं केलं काय?" काका वाफ्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. "दुसरं काहीही सांग. पाणी मगाने काढतो. स्पंजने टिपतो. भोक नाही."

आणि त्यांनी खरोखर स्पंज आणला. दुपारभर टिपत होते. काकूंनी आत जाऊन धाकट्या भावाला फोन लावला.

भाऊ दातांचा डॉक्टर होता. भोकं पाडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याच्या दवाखान्याचं नूतनीकरण चालू असल्यामुळे भिंती फोडायचं मोठं मशीनही त्याच्याकडे पडून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते खांद्यावर टाकून आला. त्याने वाफ्यावर चार ठिकाणी टकटक केलं, कान लावला.

"भाऊजी, कीड कुठेच नाही. एकदम निरोगी आहे."

"बघ!" काका काकूंना म्हणाले. "डॉक्टर सांगतोय."

"पण पाडावं लागेल."

"माझ्या अंगावरून जावं लागेल तुला."

"ताई, हे अंगावरून म्हणतायत."

काकूंनी वाफ्याकडे पाहिलं. बेचाळीसमधली नऊ रोपं आडवी झाली होती. उरलेली तेहतीस त्यांच्याकडे बघत होती, निदान त्यांना तरी तसंच वाटलं. बत्तीस वर्षांनी मिळालेली बाग, आणि ती आपण गप्प बसलो म्हणून मरतेय. नवरा पंधरा दिवस अबोला धरेल? धरू दे. महिनाभर धरू दे.

"तो गळलाच नव्हता," काकू म्हणाल्या.

"कोण?"

"वाफा. पहिल्यांदा पाणी मी काढलं होतं. रोपांना घातलं. पायपुसणी धुतली. दुसऱ्यांदा मला वाटलं कमी झालंय, म्हणून मी ओतलं. ते जास्त झालं. जमिनीतून बिमिनीतून काही आलं नव्हतं. सांगणार होते, पण तुम्ही रडायलाच लागलात."

वाफ्यापुढे आडवे धरलेले काकांचे हात खाली आले. मेहुण्याने सावधपणे मशीन खाली ठेवलं, न जाणो काकांनी उचललं तर. काकूंनी डोळे मिटले आणि स्फोटाची वाट पाहिली.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "पहिल्या दोन हातांतच पास झाला होता?"

"हो."

"पहिल्या फटक्यात?"

"हो हो."

"बत्तीस वर्षं… अजून एकही नाही?"

"एकही नाही हो!"

काकांनी असा काही आनंदाचा चीत्कार केला की मेहुणा दोन पावलं मागे सरला. "गळला नव्हता! अरे, गळलाच नव्हता!" त्यांनी मेहुण्याला मिठी मारली, वाफ्याच्या भिंतीवर शाबासकीच्या चार थापा मारल्या आणि काकूंना म्हणाले, "आधी नाही सांगायचं? मला गेले वीस दिवस घास गोड लागत नव्हता." बायकोने लपवाछपवी केली, चमचे पळवले, सगळं माफ. "पाड रे, पाड भोकं. चांगली तीन पाड. आता माझं काही म्हणणं नाही."

म्हणणं नव्हतं, पण बघवत नव्हतं. मशीन सुरू झाल्याबरोबर काका हिरवे-पिवळे झाले. मेहुण्याने आतून खुर्ची आणवली, त्यांना बसवलं आणि पेशंटशी बोलतात त्या गोड आवाजात सुरू केलं, "भाऊजी, इकडे नाही, तिकडे झाडाकडे बघा. लांब श्वास घ्या. ताई, हात धर यांचा. आता फक्त थोडा आवाज होईल."

"दुखेल का रे त्याला?"

"कुणाला?"

"काही नाही. चालू दे."

आठ हातांचं मिश्रण आणि काकांची बत्तीस वर्षं यांच्याशी झगडताना मशीनची दोन टोकं मोडली. तासाभराने तिसरं भोक आरपार गेलं आणि काळं, कुबट पाणी भळभळून बाहेर आलं. काकू टाळ्या पिटत होत्या. काकांनी एक डोळा उघडला, पाहिलं, परत मिटला.

दोन आठवड्यांत तेहतीसच्या तेहतीस रोपांनी अंग धरलं. पिवळी फुलं आली. हिरवे गोटे लटकायला लागले. काका रोज सकाळी खाली बसून तिन्ही भोकांतून पडणारे थेंब पाहत. पहिले काही दिवस त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे, मग हळूहळू सवय झाली आणि 'मधलं जरा जास्त चांगलं गळतं' इथपर्यंत गाडी आली.

आणि एका रविवारी काकूंना मातीवर पुन्हा तळं दिसलं.

"अहो! पाणी तुंबलंय!"

काका वाकले. तिन्ही भोकं बंद होती. नुसती बंद नव्हती, बुजवलेली होती. काकूंनी नवऱ्याकडे संशयाने पाहिलं. नवऱ्याने गळ्याची शपथ घेतली.

इतक्यात कुंपणापलीकडून खाकरणं ऐकू आलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर होते. दहा वर्षांपूर्वी काकांनी त्यांची गच्ची वाचवली होती आणि तेव्हापासून ते काकांना देवासारखे मानत. त्यांनी काकांना बाजूला बोलावलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"काका, मन घट्ट करा. मी सगळं पाहिलंय."

"काय पाहिलंय?"

"गळती. रोज सकाळी तुम्ही एकटेच त्या थेंबांकडे बघत बसता, ते मला खिडकीतून दिसतं. काळीज तुटतं हो. एवढा मोठा माणूस, आणि घरच्याच कामाने दगा दिला." त्यांनी काकांचा हात दाबला. "काल तुम्ही लग्नाला गेला होतात ना, तेव्हा कुंपणावरून येऊन बंद करून टाकलं. एका शब्दाने कुणाला सांगणार नाही. चाळीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, एक उघडलं नाही. माझ्या पोटात राहील."

"अहो पोस्टमास्तर, ती भोकं…" काकू पुढे होऊन सांगायला लागल्या.

पण काका खाली बसले होते. त्यांनी मधल्या भोकातून काहीतरी खिळ्याने उकरून काढलं, बोटांत धरलं, हुंगलं.

"साबण?"

"हो. आंघोळीचा. वर चिंधी आणि थोडं सिमेंट."

"साबण?" काकांचा आवाज चढला. "गळतीला साबण? इतकी वर्षं माझ्या शेजारी राहिलात आणि हे शिकलात? महिन्याभरात विरघळून जाईल हे! सरका. असं नसतं बुजवायचं."

"अहो," काकू म्हणाल्या. "ऐका ना."

"थांब गं. यांना एकदा नीट दाखवू दे." काका तरातरा आत गेले आणि आपला जुना डबा आणि थापी घेऊन आले. पोस्टमास्तर भक्तिभावाने गुडघ्यावर बसले. "आधी भोकाचं तोंड साफ करायचं. असं. आतली कड खरवडायची. मग पहिला थर आत, दाबून, हवा राहता कामा नये. मग दुसरा. वरून गोलाई. बघताय ना?"

"बघतोय, बघतोय. वा!"

दहा मिनिटांत तिन्ही भोकं पक्की बुजली. कुठे होती ते ओळखूसुद्धा येईना. काकांनी थापी पुसली, मागे सरून मान तिरकी करून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आता या वाफ्यातून जन्मात थेंब बाहेर पडणार नाही."

पोस्टमास्तरांनी हात जोडले. काकांनी हसत हसत काकूंकडे पाहिलं, मग मातीवरच्या तळ्याकडे पाहिलं, मग हातातल्या थापीकडे. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

काकू आत गेल्या आणि त्यांनी भावाला फोन लावला.

"अरे, मशीन घेऊन लगेच ये. हो, परत. आणि येताना ते बधिर करायचं इंजेक्शनही आण. दोन आण. तुझ्या भाऊजींच्या दोन्ही हातांना द्यायचंय."